सतरा नंबरची शेड

"काडेपेटी, लायटर, बॅटरी, जे काही असेल ते इथं ठेवा," मेजर सबनीस म्हणाले आणि त्यांनी लाकडी ट्रे पुढे केला.

आमच्या उपसमितीच्या अध्यक्षांनी खिशातून लायटर काढून त्यात ठेवला. मार्च महिना होता, सकाळचे साडेदहा वाजलेले, आणि ऊन आत्ताच पाठीला टोचत होतं. आम्ही पाच खासदार होतो. चौघे बाहेरच्या राज्यांतले, पाचवी मी. धामणझरीच्या दारूगोळा डेपोच्या दुसऱ्या फाटकाशी भिंतीत एक पितळी पट्टी ठोकली होती. आत जाण्याआधी प्रत्येकानं तिच्यावर तळहात टेकवायचा.

"अंगातली वीज जमिनीत उतरते," मेजरांनी सांगितलं.

"खासदारांच्या अंगात वीज उरलीय कुठं?" अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. मेजर हसले नाहीत. मी तळहात टेकवला, तो जरा जास्तच वेळ टेकवून ठेवला, आणि आत गेले.

मी त्या वेळी पहिल्यांदाच लोकसभेवर निवडून आले होते. त्याआधी अठरा वर्षं मी आमच्या तालुक्याच्या गावी हळद-तिखटाची गिरणी चालवली होती. दिल्लीत नव्या खासदारांना समित्या वाटतात तेव्हा मी लघुउद्योगाची समिती मागून घेतली. संरक्षणाची मागितली नव्हती. पण डेपो माझ्या मतदारसंघात येतो म्हणून पक्षानं माझं नाव तिथंही घातलं. पहिली तीन वर्षं मी त्या बैठकांत गप्प बसायचे. पाणबुड्या, रडार, तोफांचे पल्ले यातलं मला काय कळणार? मग टिनाच्या लाइनीला नोटिसा आल्या आणि मला बोलायला विषय मिळाला.

डेपोच्या पूर्वेच्या कुंपणाबाहेर, कारंज्याच्या रस्त्याला लागून, एकेचाळीस छोटे कारखाने होते. वेल्डिंग, लेथ, टायरला रबर चढवणं, ट्रकच्या बॉड्या, कूलरच्या जाळ्या. सगळ्यांची छपरं टिनाची, म्हणून टिनाची लाइन. डेपोभोवती दोन हजार यार्डांत बांधकाम नको असा जुना नियम होता. वीस वर्षं लाइन त्या हद्दीच्या आत बसलेली होती आणि कुणी ब्र काढला नव्हता. त्या हिवाळ्यात अचानक नोटिसा आल्या: तीन महिन्यांत जागा रिकामी करा. बदली जागा दिली होती चौदा किलोमीटरवर, उघड्या माळावर. तिथं वीज नव्हती, पाणी नव्हतं, जायला धड रस्ता नव्हता.

मी समितीत उभी राहिले. "देशाच्या सुरक्षेच्या नावाखाली देशातल्या माणसांचं पोट मारायचं असेल, तर ती कसली सुरक्षा?" असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते वाक्य आमच्याकडच्या तिन्ही पेपरांत आलं. मी तीन महिने तो धागा सोडला नाही. शेवटी समितीनं पाच जणांची उपसमिती नेमली आणि जागेवर जाऊन पाहून शिफारस करायला सांगितलं.

सकाळच्या फेरीत त्यांनी आम्हाला नवी गोदामं दाखवली. स्वच्छ, पांढरी, पंख्यांची. मग चहासाठी मेसमध्ये नेलं. अध्यक्षांचा गुडघा दुखत होता, ते खुर्चीवर बसले ते बसलेच. मी मात्र म्हणाले, "मला पूर्वेची बाजू पाहायची आहे. जिथून माझी लाइन दिसते."

डेपोचे प्रमुख ब्रिगेडियर होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि सबनीसांना म्हणाले, "मॅडमना कुंपणापर्यंत नेऊन आणा."

सबनीस डेपोचे सुरक्षा अधिकारी होते. चाळिशीचे, किडकिडीत, कपाळावर टोपीची खूण पडलेली. पुण्याकडचे होते हे बोलण्यावरून कळत होतं. आम्ही जीपनं निघालो. कुंपण दिसायला लागलं, त्याच्या पलीकडे लाइनीची टिनं उन्हात लखलखत होती, लेथचा आवाज इथपर्यंत येत होता. आणि त्यांनी जीप डावीकडे वळवली.

"मेजर, लाइन तिकडे आहे."

"माहीत आहे, ताई. दहा मिनिटं द्या मला."

त्यांनी मला ताई म्हटलं ते पहिल्यांदाच.

शेडवर पांढऱ्या रंगात १७ आकडा होता. दारात सबनीसांनी मला चपलांवर रबराचे बूट चढवायला दिले. आत पंखे नव्हते. छताच्या जवळ दोन झरोके, आणि खालपासून वरपर्यंत रचलेल्या हिरव्या पेट्या. वास कसला तरी येत होता, कडू बदामासारखा, आणि त्याखाली जुन्या तेलाचा. दोन जवान ओल्या फडक्यांनी फरशी पुसत होते. एकानं आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पुसायला लागला.

सबनीसांनी एका पेटीचं झाकण उचललं. आत रणगाड्यांखाली पेरायचे सुरुंग होते, मोठ्या ताटलीएवढे. त्यांच्या सांध्यांतून तपकिरी चिकट द्रव पाझरला होता. पेटीच्या तळाशी त्याचं थारोळं झालं होतं.

"याला आम्ही घाम फुटणं म्हणतो," ते म्हणाले. "आतली स्फोटकं पाझरतात. सदोष माल आहे. चार वर्षांपूर्वी वेगवेगळ्या ठिकाणांहून परत मागवला आणि इथं आणून रचला. नष्ट करायचा हुकूम वरून यायचा आहे. चौदा महिने झाले, मी चार पत्रं पाठवली. उत्तर येतं, विचाराधीन आहे."

"आणि हे काय करतायत?" मी त्या जवानांकडे बोट दाखवलं.

"पुसतात. रोज दोनदा. दुसरं आमच्या हातात काही नाही."

"पेटलं तर?"

"आत्ता पेटणार नाही. आत्ता अडतीस अंश आहे. मे महिन्यात सेहेचाळीस होतं, टिनाखाली त्याहून जास्त." त्यांनी झाकण हलकेच परत ठेवलं. "ताई, दोन हजार यार्ड हा आकडा कुण्या कारकुनानं काढलेला नाही. ही शेड उडाली तर काय कुठवर जाईल याचा तो हिशोब आहे. तुमची लाइन इथून साडेपाचशे यार्डांवर सुरू होते."

मला त्यांचा राग आला. अजूनही आठवतं, पहिला आला तो रागच. "मग हे त्या लोकांना सांगितलं का नाही? नोटिशीत एक ओळ लिहिली असती!"

"सांगता येत नाही. साठा कुठं, कसा, किती, सगळं गुप्त आहे. तुम्हीही समितीत आल्यावर कागदावर सही केली आहे. खरं तर मी तुम्हालाही दाखवायला नको होतं. ब्रिगेडियरसाहेबांनी स्पष्ट सांगितलंय, अंतर्गत बाबी समितीपुढे काढायच्या नाहीत. पण ती माणसं तुमची आहेत. मी म्हटलं, ताईंना तरी माहीत असावं."

"काय करू मी?"

"नोटिसा राहू द्या. एवढंच. ही शेड रिकामी होईपर्यंत माणसं हलू द्या. नंतर हवं तर परत आणा त्यांना, मी स्वतः सही करतो. पण हा उन्हाळा नको."

जीपमध्ये बसताना मी विचारलं, "संध्याकाळच्या बैठकीत तुम्ही हे बोलणार का?"

"मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही," सबनीस म्हणाले. "पण कुणीतरी विचारायला हवं."

दुपारी आम्ही लाइनीत गेलो. मला वाटलं होतं वीस-पंचवीस लोक असतील. सगळी लाइन रस्त्यावर उभी होती. यंत्रं बंद, पताका लावलेल्या, बायका ताटं घेऊन. अध्यक्षांनी माझ्याकडे वळून म्हटलं, "तुमची निवडणूक तर आजच झाली." पुढच्या वर्षी खरोखरच निवडणूक होती. हे मी विसरले नव्हते, हेही सांगून टाकते.

गुलाबराव मेश्रामांच्या शेडमध्ये आमचं जेवण होतं. गुलाबराव डेपोला लागणाऱ्या लाकडी पेट्या बनवायचे. लाइनीत पहिला टिन त्यांनी ठोकला होता आणि माझ्या पहिल्या प्रचारात दीड महिना स्वतःचं काम बंद ठेवून ते माझ्याबरोबर फिरले होते. त्यांची मुलगी विशाखा आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकून आली होती. पेट्यांची मापं आता तीच काढायची. कानाला पेन्सिल खोचून ती खासदारांना समजावून सांगत होती, कोपऱ्याला सांधा कसा घेतला म्हणजे खिळा लागत नाही. दिल्लीहून आलेला एक सभ्य गृहस्थ खरोखर लक्ष देऊन ऐकत होता.

गुलाबरावांच्या बायकोनं, सुमित्रानं, मला हात धुवायला मागच्या अंगाला नेलं. पाणी ओतता ओतता ती हळूच म्हणाली, "ताई, एक इचारू का?"

"विचार ना."

"माह्या भावानं कारंज्याले जागा पाहून ठेवली हाये. बसस्टँडच्या मांगं. लहानशी हाये, पण लाइट हाये, पानी हाये. म्या यायले म्हनून रायली, चला तिकडंच जाऊ, कशाले भांडता सरकारसंगं. हे आयकतच नाई. म्हनतात, ताई हायेत आपल्या." तिनं तांब्या खाली ठेवला. "तुमी आज आतमंदी जाऊन आल्या. मले खरं सांगा. भेव वाटन्यासारखं काई हाये का तिथं?"

ती माझ्याकडे बघत होती. मागं विशाखाचा आवाज येत होता, कुणीतरी तिला शाबासकी देत होतं. माझे हात ओले होते आणि मी ते पदराला पुसत राहिले.

आजवर मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आहे की मी शपथेला बांधलेली होते. ते खरंही आहे. पण शेडमधलं एक अक्षर न बोलताही 'जा भावाकडे' एवढं म्हणता आलं असतं. त्या क्षणी माझ्या डोक्यात शपथ नव्हती. माझ्या डोक्यात होतं की मेश्राम गेले तर उद्या दहा जण जातील, परवा लाइन मोडेल, आणि तीन महिने मी दिल्लीत जे भांडले ते कशासाठी, असं लोक विचारतील.

"काही नाही गं," मी म्हणाले. "पेट्याच पेट्या आहेत. तुमच्याच."

सुमित्रा हसली. "मंग झालं," ती म्हणाली. "तुमी सांगतल्यावर मंग काय."

संध्याकाळी पाच वाजता विश्रामगृहात बैठक झाली. अध्यक्षांनी ब्रिगेडियरना विचारलं, मग सबनीसांना उभं केलं.

"या एकेचाळीस कारखान्यांना तातडीचा काही धोका आहे का?"

"नियमाप्रमाणे ते प्रतिबंधित क्षेत्रात आहेत, सर."

"नियम आम्हाला पाठ आहे. तातडीचा धोका आहे का, ते सांगा."

सबनीसांनी ब्रिगेडियरकडे पाहिलं. मग म्हणाले, "साठ्याच्या स्थितीबद्दलची माहिती मी वरिष्ठांना वेळोवेळी कळवली आहे, सर."

"म्हणजे ती त्यांच्याकडे आहेच. ठीक." अध्यक्षांनी चष्मा काढला. "कुणाला आणखी काही विचारायचं आहे?"

सबनीस माझ्याकडे बघायला लागले. विनवणी नव्हती त्या बघण्यात. एखाद्यानं दार उघडून धरावं आणि आपण आत येण्याची वाट पाहावी, तसं. मला फक्त एवढं विचारायचं होतं: सतरा नंबरच्या शेडमध्ये काय आहे? मग ते बोलले असते, आणि लिहून घेतलं गेलं असतं. माझा प्रश्न म्हणून.

मी समोरच्या कागदावर काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

"मग बसा, मेजर," अध्यक्ष म्हणाले.

शिफारस मीच सांगितली. सध्याच्या कारखान्यांपुरती मर्यादा पाचशे यार्डांवर आणावी, आणि डेपोनं मुदत संपलेला जुना साठा साठ दिवसांत नष्ट करावा. हे दुसरं कलम घातलं तेव्हा मला हायसं वाटलं. मार्चअखेरीपासून साठ दिवस म्हणजे मेअखेर, हे मला तेव्हाच कळत होतं. तरी वाटलं, तेवढे दिवस लागणार नाहीत, कागदावर आलं म्हणजे कुणीतरी हलेल. एप्रिलमध्ये दिल्लीत पक्का मसुदा समोर आला. 'साठ दिवसांत'च्या जागी 'यथाशीघ्र' असं झालं होतं. मी विचारलं. अधिकारी म्हणाला, "मॅडम, मुदत घातली तर मंत्रालय सगळी शिफारसच परत पाठवील. तुमचे कारखानेही लटकतील."

मी सही केली. आठवड्याभरात नोटिसा मागे घेतल्या गेल्या. लाइनीनं माझी मिरवणूक काढली. विशाखानं पेट्यांच्या उरलेल्या लाकडातून माझ्या नावाची पाटी करून दिली.

एकोणीस मेला मी नागपूरला महिला उद्योजकांच्या मेळाव्यात होते. दुपारी पावणेतीनला कुणीतरी चिठ्ठी आणून दिली. मी ती वाचली आणि उभं राहून भाषणाचं शेवटचं पान वाचून पुरं केलं. का केलं, मला सांगता येणार नाही. पाय हलत नव्हते आणि तोंड चालू होतं.

धामणझरीला पोचेपर्यंत सहा वाजून गेले होते. धूर कारंज्यापासूनच दिसत होता. पोलिसांनी रस्ता अडवला होता, पण मला ओळखून सोडलं. लाइनीच्या डेपोकडच्या टोकाला काहीच उरलं नव्हतं. पुढे गेल्यावर टिनाचे पत्रे दिसायला लागले, रस्त्यापलीकडच्या बाभळींवर जाऊन अडकलेले, धुतलेले कपडे वाळत घालावेत तसे. जमीन गरम होती. माणसं मोठमोठ्यानं बोलत होती, कारण सगळ्यांच्याच कानांत दडे बसले होते.

आगीचा पहिला लोळ निघाला तो एक वाजून चाळीस मिनिटांनी. मेजर सबनीस आठ जवानांना आणि पाण्याचा बंब घेऊन सतरा नंबरकडे गेले. जाण्याआधी त्यांनी एक शिपाई मोटारसायकलवर लाइनीकडे पिटाळला होता, लोकांना बाहेर काढायला. शिपाई लाइनीच्या अर्ध्यापर्यंत पोचला होता, तेवढ्यात शेड उडाली. तो, ते आठ जवान, मेजर, आणि लाइनीतली अकरा माणसं गेली.

गुलाबराव रस्त्याच्या कडेला एका उलट्या पिंपावर बसले होते. सकाळी ते लाकूड आणायला अकोल्याला गेले होते. लाकडानं भरलेला ट्रक मागं तसाच उभा होता. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"दोघी बी," ते म्हणाले. मला ऐकू आलं नसेल असं वाटून पुन्हा मोठ्यानं म्हणाले, "दोघी बी गेल्या, ताई."

मी त्यांचे हात धरले.

"शिपायानं हाका मारल्या म्हनतात. बाकीचे पयाले. पोट्टी आपल्या मायले म्हने, चाल. आन् सुमित्रा म्हने, काई नाई होत, ताईनं सोता पायलं हाये आतमंदी." ते माझ्याकडे अशा चेहऱ्यानं बघत होते की जणू मला धीर द्यायची पाळी त्यांची होती. "लय भित होती हो ती आधी. रातची झोपे नाई. त्या दिसापासून भेव गेलं तिचं. शेवटाले भेव नव्हतं ताई तिले. तुमच्यामुळं."

ते असं म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातावर कपाळ टेकवलं.

मी त्या रस्त्यावर सांगितलं असतं तर त्यांनी मला मारलं असतं. कदाचित नसतं मारलं. मला त्यातलं काहीच कळू शकलं नाही, कारण मी सांगितलं नाही. मी उठले आणि जखमींना दवाखान्यात न्यायला गाड्या कमी पडतायत म्हणून कलेक्टरांवर ओरडायला लागले. चार दिवस मी लाइनीतून हलले नाही. जखमींना नागपूरला हलवलं, मढी ओळखायला बायकांबरोबर उभी राहिले. त्या माळावरच्या जागेवर चार महिन्यांत वीज आली, पाणी आलं, डांबरी रस्ता झाला. हे सगळं मीच करवून घेतलं. लोक म्हणायचे, ताई नसत्या तर आपलं काय झालं असतं.

पावसाळ्यात चौकशी मंडळ बसलं. नागपूरच्या एका सरकारी इमारतीत लांब टेबलाच्या पलीकडे तीन जण होते. त्यांनी मला अदबीनं बसवलं, पाणी दिलं.

"सतरा नंबरच्या शेडमधल्या साठ्याची स्थिती मार्चच्या भेटीत कुणी उपसमितीच्या निदर्शनास आणून दिली होती का?"

ब्रिगेडियरांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं की त्यांना स्थितीच्या गंभीरपणाची कल्पना नव्हती. चार पत्रं कुठल्या तरी टपालात हरवली होती. निदान सापडत नव्हती. फरशी पुसणाऱ्या त्या दोघा जवानांची, छातीवरच्या पट्टीवर वाचलेली नावं मी यादीत शोधली होती. दोघंही त्या आठांत होते.

म्हणजे मी त्या शेडमध्ये गेले होते हे सांगणारं जगात कुणी उरलं नव्हतं.

"उपसमितीपुढे असं काही आलं नाही," मी म्हणाले.

"आणि तुमच्या व्यक्तिशः?"

"नाही."

लिहून घेणाऱ्यानं एक शब्द लिहिला. अहवाल सहा महिन्यांनी आला. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: सुरक्षा अधिकारी मेजर सबनीस यांनी साठ्याच्या धोकादायक स्थितीची वस्तुस्थिती लोकप्रतिनिधींच्या निदर्शनास आणून देण्यात कसूर केली. त्या वर्षीची निवडणूक मी दुप्पट मतांनी जिंकले.

त्यानंतरच्या मार्चमध्ये एका दुपारी चारच्या सुमाराला माझ्या घरी एक बाई आल्या. फिकट निळी सुती साडी, हातात कापडी पिशवी. कार्यकर्त्यांना वाटलं, कुणी अर्ज घेऊन आलं असेल. त्या म्हणाल्या, "मी वैजयंती सबनीस. मेजर सबनीसांची पत्नी. तुमच्याशी एकटीशी बोलायचं आहे."

मी सगळ्यांना बाहेर पाठवलं. त्यांनी पाण्याला हात लावला नाही.

"मी फार वेळ घेणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही लोक डेपोवर आला होतात, त्या दिवशी हे संध्याकाळी घरी आले ते वेगळेच दिसत होते. वर्षभर त्यांना झोप नव्हती. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, आज समितीतल्या एकाला सगळं दाखवून टाकलं. आता ते माझ्या एकट्याचं राहिलं नाही. कुणाला, ते नाही सांगितलं. अशा गोष्टी ते घरी सांगत नसत. पण त्या दिवशी ते पोटभर जेवले."

मी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

"पुढचं त्याच रात्री म्हणाले की दुसऱ्या दिवशी, ते मला नक्की आठवत नाही. म्हणाले, बैठकीत तो विषय निघाला नाही, पण ज्याला दाखवलंय ते माणूस चांगलं आहे, त्याला योग्य वाटेल तिथं ते बोलेल. अहवालात मात्र लिहिलंय की त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. त्यांचे वडील आहेत अजून, त्र्याऐंशी वर्षांचे. पेपरात छापून आलं तेव्हापासून ते बिछान्यातून उठलेले नाहीत. म्हणून मी विचारायचं ठरवलं. बाकीच्या चौघांना पत्रं लिहिली. चौघांचीही उत्तरं आली, नाही म्हणून. तुमच्याकडे म्हटलं, स्वतःच जावं." त्यांनी मान वर केली. "मला त्याचं काही करायचं नाही. कोर्टात जायचं नाही, पेपरात द्यायचं नाही. फक्त मला आणि त्यांच्या वडिलांना माहीत असावं. त्यांनी ते तुम्हाला दाखवलं होतं का?"

बाहेर ओसरीवर माणसं बोलत होती. पुढच्या आठवड्यात मला लघुउद्योग समितीचं अध्यक्षपद मिळणार होतं.

"नाही," मी म्हणाले. "मला नाही दाखवलं."

त्यांनी पिशवीचे बंद हातात नीट धरले.

"म्हणजे ते माझ्याशी खोटं बोलले," त्या म्हणाल्या, स्वतःशीच बोलावं तशा. "मला बरं वाटावं म्हणून असेल. सतरा वर्षांत कधी बोलले नव्हते. निदान मला तसं वाटत होतं."

त्या उठल्या. माझा वेळ घेतल्याबद्दल त्यांनी माफी मागितली. मी त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेले. रिक्षा पलीकडे उभी होती. रिक्षावाल्यानं ती सुरू केली तर सुरू होईना, त्यानं तीन-चारदा हिसका मारला. त्या आत बसून समोर पाहत होत्या. मग रिक्षा सुरू झाली आणि कोपऱ्यावर वळली.

हाक मारायला तेवढा वेळ पुरेसा होता.